वनपाठांतील तीन क्रियापदे : ‘मिळते’, ‘होते’ आणि ‘पाहिजे’

१

वनांची ओळख मुलांना शालेय वयातच करून दिली पाहिजे, ह्याविषयी आता दुमत उरलेले नाही. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पर्यावरणाच्या जाणिवेला शिक्षणाच्या सर्व पातळ्यांवर स्थान दिले. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा विषय शाळा-महाविद्यालयांतून सक्तीने शिकविण्याचा निर्देश दिला. महाराष्ट्रात प्राथमिक इयत्तांपुरता तो ‘परिसर अभ्यास’ ह्या नावाने स्थिरावला. वने आणि दैनंदिन जीवन ह्यांचा संबंध दाखविणे हे अशा पाठांचे घोषित उद्दिष्ट होय. तो संबंध पाठात कितपत साधला जातो, ह्याची चर्चा सामान्यतः माहितीच्या अंगाने होते. कोणती झाडे घेतली, कोणते प्राणी राहिले, पर्जन्याविषयीचे विधान शास्त्रशुद्ध आहे की नाही, असे प्रश्न विचारले जातात. पाठ ज्या भाषेत लिहिला जातो तिची चिकित्सा मात्र क्वचितच होते. वस्तुतः मुलाच्या मनात संबंध निर्माण होतो किंवा तुटतो तो वाक्यात. आणि वाक्यात संबंध प्रस्थापित करण्याचे काम मुख्यतः क्रियापदाचे आहे.

पुढील विवेचनात जी वाक्ये उदाहरणादाखल घेतली आहेत, ती कोणा एका पुस्तकातील उतारे नव्हेत. पाठ्यपुस्तके, मार्गदर्शिका, भित्तिपत्रके, निबंधमाला ह्या सर्वांतून फिरणारा जो एक साचा आहे, त्याचे ते नमुने होत. साचा कोणा एका लेखकाचा नसतो. म्हणूनच तो अधिक दृढ असतो.

२

ह्या साच्याचे पहिले वाक्य ‘वनांपासून आपल्याला लाकूड, डिंक, मध व औषधी वनस्पती मिळतात’ ह्या धर्तीचे असते. ‘मिळणे’ हे अकर्मक क्रियापद आहे. त्याच्या वाक्यात लाभणारी वस्तू प्रथमेत येते, ज्याला लाभते तो चतुर्थीत आणि जेथून लाभते ते स्थान पंचमीत. काम करणाऱ्या कर्त्याला ह्या रचनेत जागाच नाही. डिंकासाठी झाडाच्या सालीला खाचा कोणी पाडल्या, पोळ्याखाली धूर कोणी केला, तेंदूची पाने भर उन्हाळ्यात कोणी खुडली व त्यांचे पुडके कोणी बांधले, हे प्रश्न वाक्य संपले तरी उपस्थित होत नाहीत. ‘वने आपल्याला लाकूड देतात’ असा पर्याय योजला तरी स्थिती सुधारत नाही. कर्त्याची जागा भरते, पण ती एका उदार दात्याने. दानाचा हिशेब मागावयाचा नसतो, हा संस्कार त्याबरोबर येतो.

साच्याचे दुसरे वाक्य ऱ्हासाविषयीचे : ‘मोठ्या प्रमाणावर वृक्षतोड होते’, ‘वनांचा नाश होत आहे’, ‘उन्हाळ्यात वणवे लागतात’. येथे ‘होणे’ व ‘लागणे’ ही क्रियापदे तेच कार्य करतात. मराठीत ‘लागणे’ व ‘लावणे’ ही जोडी अत्यंत स्वच्छ आहे. आग लागते तेव्हा ती कोणी लावली हे सांगण्याचे बंधन बोलणाऱ्यावर राहत नाही. मोहाची फुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात, तेंदूला कोवळी पाने फुटावीत म्हणून आग लावतात, आणि कित्येक वणवे निव्वळ निष्काळजीपणाने लावले जातात. ही तीन भिन्न कृत्ये आहेत, त्यांचे हेतू भिन्न आहेत व त्यांवरील उपायही भिन्न आहेत. ‘वणवे लागतात’ ह्या वाक्यात ती तिन्ही विरघळून जातात.

तिसरे वाक्य उपदेशाचे : ‘आपण झाडे लावली पाहिजेत’. पहिल्या दोन वाक्यांत जो कर्ता कोठेच नव्हता, तो येथे अकस्मात उभा राहतो, आणि तो म्हणजे वाचणारे मूल. मिळविताना श्रम कोणाचेच नाहीत, नासाडी होताना अपराध कोणाचाच नाही, पण भरपाईची जबाबदारी मात्र आठ-नऊ वर्षांच्या विद्यार्थ्यावर, असा ह्या तीन वाक्यांचा एकत्रित अर्थ होतो. शिवाय लावलेली झाडे म्हणजे वन, हे समीकरण त्यात गृहीत धरलेले असते. एका जातीची सरळ रांगांतील लागवड आणि ऐन, किंजळ, हिरडा, जांभूळ, वेली, झुडपे, वाळवीची वारुळे ह्यांसह वाढलेले रान ह्यांतील भेद दाखविण्याचे काम त्या आज्ञार्थक घोषणेला पेलत नाही.

३

सर्वांत विचारणीय बाब सर्वनामांची आहे. मराठीत ‘आम्ही’ व ‘आपण’ असा भेद आहे. ऐकणाऱ्याला वगळून ‘आम्ही’, त्याला सामावून ‘आपण’. पाठातील ‘आपल्याला’ हे रूप म्हणूनच आपुलकीचे वाटते. लेखक व वाचक त्यात एकत्र आले आहेत. परंतु त्याच पाठात पुढे ‘आदिवासी वनांत राहतात, ते मध व डिंक गोळा करतात’ अशा धर्तीचे वाक्य आले की काय घडते, हे पाहण्याजोगे आहे. संपूर्ण पाठात खरोखर काम करणारा कर्ता ह्या एकाच ठिकाणी अवतरतो, आणि तो ‘ते’ ह्या सर्वनामाने. मेळघाटातील कोरकू मूल, गडचिरोलीतील गोंड मूल, पालघरमधील वारली मूल हाच पाठ वाचते. त्याला ‘आपल्याला मिळतात’ ह्यात घेतलेले असते आणि दोन ओळींनंतर ‘ते गोळा करतात’ ह्यात बाहेर उभे केलेले असते. ज्याची आई पहाटे मोह वेचून मग त्याला शाळेत धाडते, त्याने ह्या दोहोंपैकी कोणत्या वाक्यात स्वतःला पाहावे? आणि ‘वृक्षतोड होते’ हे वाक्य शिकून घरी आल्यावर आईच्या डोक्यावरील सरपणाच्या मोळीकडे त्याने कोणत्या दृष्टीने पाहावे? पाठ ह्याचे उत्तर देत नाही; परंतु उत्तर सूचित केल्यावाचून राहतही नाही.

शहरातील मुलाची हानी वेगळ्या प्रकारची, पण तितकीच खरी आहे. मुंबईच्या मुलाला वन म्हणजे सहलीचे स्थळ वाटते. विहार (१८६०), तुळशी (१८७९) व तानसा (१८९२) ह्या जलाशयांतून त्याच्या शहराला पाणी येते. पहिले दोन आज संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत आहेत आणि तानसाभोवती अभयारण्य आहे. धरणे माणसांनी बांधली. त्यांच्या भोवतालचे रान राखले गेले म्हणून पावसाबरोबर माती वाहून येऊन ती भरून गेली नाहीत. ‘वनांमुळे पाऊस पडतो’ हे घाऊक व शास्त्रदृष्ट्या सैल विधान पाठ करण्यापेक्षा नळ सोडताना हा एक धागा उलगडणे मुलाला सहज कळेल. पण ‘मिळते’च्या व्याकरणात नळ आणि रान ह्यांच्यामधील सर्व दुवे गळून पडतात.

४

क्रियापदांप्रमाणे नामांचीही चौकशी केली पाहिजे. मराठीत वनवाचक शब्द अनेक आहेत आणि ते परस्परांचे निव्वळ पर्याय नव्हेत. ‘रान’ हा शब्द ‘अरण्य’पासून प्राकृत ‘रण्ण’मार्गे आला. देशावर आजही शेतकरी ‘रानात’ जातो तो आपल्या शेतात. म्हणजे पेरलेली जमीन व न पेरलेली जमीन ह्यांना एकच शब्द पुरतो. ‘जंगल’ ज्या संस्कृत ‘जांगल’पासून आला, त्याचा मूळ रोख दाट झाडीवर नसून कोरड्या, विरळ झाडांच्या मोकळ्या प्रदेशावर होता, आयुर्वेदात तो ‘आनूप’ ह्या पाणथळ प्रदेशाच्या विरोधात येतो. ‘झाडी’वरून पूर्व विदर्भातील एका संपूर्ण बोलीला झाडीबोली हे नाव मिळाले. ह्या सर्वांना बाजूस सारून पाठाने ‘वन’ हा तत्सम शब्द स्वीकारला, ह्यात स्वतः काही गैर नाही. परंतु ‘वन’ हा शब्द घरात कोणी बोलत नाही. ‘रानातून आले’ असे आजी म्हणते आणि ‘वनातून मिळते’ असे पुस्तक म्हणते. ही एकच जागा आहे हे मुलाला कोणी सांगत नाही.

पारिभाषिक शब्दांत तर निर्णयही दडलेले असतात. ‘राखीव वन’ हा शब्द घ्यावा. ‘राखणे’ हे मराठीतील मोठे अर्थपूर्ण क्रियापद आहे. गाव कुरण राखते, म्हणजे काही काळ तेथे गुरे सोडीत नाही, पुढे गवत वाढावे व वाटून घेता यावे म्हणून. देवाच्या नावाने देवराई राखली जाते. अशा रायांकडे वा. द. वर्तक व माधव गाडगीळ ह्यांनी १९७० नंतरच्या दशकात अभ्यासकांचे लक्ष वेधले. ह्या प्रत्येक ‘राखण्या’ला राखणदार असतो. कायद्यातील ‘राखीव’ हे मात्र विशेषण आहे. कोणी, कोणासाठी, कोणापासून राखले ते त्यात उरत नाही. १९३० च्या जंगल सत्याग्रहात लोकांनी विचारलेला प्रश्न नेमका हाच होता. १० जुलै १९३० रोजी पुसद येथे लोकनायक बापूजी अणे ह्यांनी राखीव जंगलातील गवत कापून कायदा मोडला. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला चिरनेर येथे सत्याग्रहींवर गोळीबार झाला. गवत, सरपण, गुरचराई ह्या अगदी दैनंदिन गोष्टींसाठी लोक तेव्हा उभे राहिले. हा प्रसंग मुलाला भेटलाच तर इतिहासाच्या तासाला भेटतो. वनाच्या पाठात गवत पूर्ववत ‘मिळत’ राहते. एकाच रानाविषयीचे हे दोन पाठ मुलाच्या मनात एकमेकांना भेटत नाहीत.

‘गौण वनोपज’ हा दुसरा शब्द. इमारती लाकूड ते मुख्य आणि मध, लाख, तेंदूपाने, कंदमुळे हे गौण, असा क्रम त्यात आहे. हा क्रम लाकडाच्या व्यापाराच्या दृष्टीने लावलेला आहे. पाड्यावरील स्वयंपाकघराच्या दृष्टीने तो उलटा लागला असता. बांबूची कथा तर शब्दार्थाच्या अभ्यासकाने मुद्दाम पाहावी अशी आहे. वनस्पतिशास्त्राप्रमाणे बांबू हे गवताच्या कुळातील आहे. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने ‘वृक्ष’ ह्या संज्ञेच्या व्याख्येत त्याचा समावेश केला. २००६ च्या वनहक्क कायद्याने त्याला गौण वनोपजात गणले. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) ह्या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला; तरी बांबू वाहून नेण्याचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती येण्यास २०११ साल उजाडले. वनाबाहेर वाढलेला बांबू ‘वृक्षा’च्या व्याख्येतून गळला तो २०१७ मध्ये. सूप, टोपली, शिडी, ताटी ज्या वस्तूची होतात ती वस्तू गवत की झाड, ह्या प्रश्नावर कित्येक घरांची मिळकत नव्वद वर्षे अवलंबून होती. ‘बांबूपासून टोपल्या तयार होतात’ एवढेच शिकलेल्या मुलाला ह्यातील काहीही कळण्याचा मार्ग नाही.

आकडेवारीचेही असेच आहे. देशाच्या एक-तृतीयांश भूमीवर वने वा झाडे असावीत हे १९८८ च्या राष्ट्रीय वन धोरणाचे उद्दिष्ट मुले पाठ करतात. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२१ च्या अहवालात महाराष्ट्राचे वनाच्छादन सुमारे १६.५ टक्के आहे. परंतु तेथे ‘वनाच्छादन’ म्हणजे एक हेक्टरहून मोठा, दहा टक्के वा अधिक छत्र असलेला कोणताही वृक्षयुक्त भाग. मालकी कोणाची आणि झाडे कोणती हे त्यात पाहिले जात नाही. फळबागही त्यात बसू शकते. व्याख्या वगळून आकडा शिकविणे म्हणजे अर्थ वगळून शब्द शिकविण्यासारखे आहे.

५

मराठी भाषेपाशी ह्याहून चांगली सामग्री नाही, असे मुळीच नाही. ‘पळसाला पाने तीनच’ ही म्हण प्रत्येक घरात आहे. पळसाचे पान त्रिदली असते हे निरीक्षण तीत शतकानुशतके जपलेले आहे. उंबराचे फूल दिसत नाही, कारण ते फळासारख्या दिसणाऱ्या पोकळीच्या आत फुलते. वाक्प्रचाराने ते दुर्मीळपणाचे प्रतीक केले. ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ ह्या म्हणीत तर वृक्षतोडीचा कर्ता, त्याचे साधन आणि त्या साधनाचे नाते अशी तिन्ही अंगे आहेत. पिंपळगाव, जांभूळपाडा, पळसदरी, बाभूळगाव, चिंचवड ही ग्रामनामे म्हणजे एक प्रकारची वृक्षगणनाच होय. आपल्या गावाच्या नावातील झाड आज गावात आहे काय, एवढा एक प्रश्न वर्गाला दिवसभर पुरेल.

ग्रंथगत वाङ्मयही दरिद्री नाही. दुर्गा भागवतांच्या ‘ऋतुचक्र’ने (१९५६) महिन्यामहिन्याची झाडे मराठी वाचकाला नावानिशी दाखविली. मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) ह्यांनी वनखात्यातील प्रदीर्घ सेवेत रानातील माणसांच्या तोंडचे शब्द टिपले व जेथे शब्द नव्हता तेथे घडविला. पाणपक्ष्यांच्या विणीच्या वसाहतीला त्यांनी योजलेला ‘सारंगागार’ हा शब्द प्रसिद्ध आहे. त्यांच्या लेखनाचे वैशिष्ट्य माहितीच्या विपुलतेत आहेच. परंतु ही माहिती त्यांना कोणी दिली, ती माणसे तेथे आपल्या नावागावासह व व्यवसायासह उपस्थित असतात. वनपाठांना त्यांचा एखादा उतारा जोडून हा गुण येणार नाही. तो पाठाच्या स्वतःच्या वाक्यरचनेत यावा लागेल.

शिक्षणाच्या क्षेत्रातही पूर्वसूत्र आहे. ताराबाई मोडक व अनुताई वाघ ह्यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे सुरू केलेले ग्रामीण बालशिक्षणाचे काम पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांत नेले. गुरे राखावयास जाणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत हे दिसताच त्यांनी शाळाच कुरणावर नेली. ‘कुरणशाळा’ हा शब्दच एक शैक्षणिक सिद्धांत आहे. पाने, बिया, काटक्या, शिंपले ही त्या परंपरेतील साधने होती. तेथे मूल हे ‘राखणारे’ होते, निव्वळ ‘मिळविणारे’ नव्हे. रान आणि दैनंदिन जीवन ह्यांचा संबंध त्याला शिकवावयाचा नव्हता. त्याच्यापाशी तो होताच, आणि तेथून अक्षरांकडे जावयाचे होते.

६

ह्या विवेचनावर तीन आक्षेप संभवतात. पहिला असा की, लहान मुलांसाठी ‘मिळते’सारखी सोपी रचनाच योग्य आहे. परंतु मुलांच्या कथा पाहाव्यात. चिऊ-काऊच्या गोष्टीत प्रत्येक कृत्याला कर्ता आहे : घर कोणी बांधले, दार कोणी ठोठावले, कोणी उघडले नाही. कर्त्यासहित वाक्य हे मुलाचे नैसर्गिक वाक्य होय. कर्तृलोप ही कार्यालयीन गद्याची सवय आहे आणि ती पाठ्यपुस्तकातून मुलाला लागते.

दुसरा आक्षेप अधिक बळकट आहे. झाडांची व कामांची नावे प्रदेशपरत्वे बदलतात; कोकणातील ऐन विदर्भात येन होतो, टेंभुर्णी व तेंदू ही एकाच झाडाची नावे म्हणून वावरतात. सबंध राज्यासाठी एक पुस्तक काढणाऱ्याने कोणते नाव घ्यावे? ह्याचे उत्तर एक नाव लादण्यात नाही. पाठाने प्रश्नाची चौकट द्यावी आणि नाव मुलाने घरून आणावे. प्रमाण संज्ञा टाळावयाची नाही. घरच्या शब्दापर्यंत पोहोचून मग ती द्यावयाची. परीक्षेला व पुढील विज्ञानाला संज्ञा लागतेच, आणि ती ज्याला मिळत नाही तो विद्यार्थी पुन्हा मागे राहतो, हे विसरून चालणार नाही.

तिसरा आक्षेप असा की, कर्ता दाखविला की रानातील माणसाचा गौरव करण्याचा मोह होईल. हा धोका खरा आहे. पण कर्तरी वाक्य गौरवाचे असतेच असे नाही. ‘आईने मोहाची फुले वेचली’ ह्याच रचनेत ‘मामाने पाचोळ्याला आग लावली’ हेही सांगता येते, आणि ‘ठेकेदाराने पाने विकत घेतली’ हेही. कर्ता आला म्हणजे जबाबदारी येते. स्तुती व दोष ह्यांचा निवाडा त्यानंतरचा.

एक पत्रावळ घेऊन पाठाची कल्पना करता येईल. पळसाची पाने कोणी तोडली, कोणत्या महिन्यात, किती दूर जाऊन; ती कोणी वाळविली, काड्यांनी टाचून पत्रावळ कोणी लावली; शेकड्याला भाव कोणी ठरविला; जेवण झाल्यावर ती कोठे गेली आणि तिच्या जागी आलेली कागदी वा प्लास्टिकची ताटली कोठे जाते. ह्यांत एकही कठीण शब्द नाही. जंगलाजवळील मुलाला ह्यांपैकी निम्मी उत्तरे ठाऊक असतील व शहरातील मुलाला उरलेली. वर्गात प्रथमच ‘आपण’ ह्या सर्वनामाला त्याचा पूर्ण अर्थ येईल. ‘वेचणे, खुडणे, तोडणे, सोलणे, वाळविणे, टाचणे, राखणे, विकणे’ ही क्रियापदे मराठीत आहेत, मुलांना ती येतात, आणि त्यांतील प्रत्येकाला कर्ता लागतो.

पाठ्यपुस्तकांच्या पुढील पुनर्रचनेत नवी माहिती किती घालावी, ह्याचा विचार तज्ज्ञ करतीलच. त्यापूर्वी जुन्याच पाठातील प्रत्येक ‘मिळते’ व ‘होते’ ह्यांखाली रेघ मारून ‘कोणी?’ हा प्रश्न विचारण्याचे काम मात्र भाषेच्या अभ्यासकांचे आहे. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांना स्वाध्याय म्हणून ते देता येईल. जेथे ‘कोणी?’चे उत्तर पाठाबाहेर सापडेल, तेथे पाठ अपुरा आहे असे समजावे.